उशामागची भिंत

गिरिजा कोठीवाले सकाळी चित्री धरणाच्या वाटेनं फिरायला गेल्या. त्यांची खोली आवरायला आत आलेली रत्नमाला पलंगापाशी थबकली. उशामागच्या भिंतीवर डाग उमटला होता. जांभळट, कडेला फिकट होत गेलेला, तळहातात मावेल एवढा. काढलेली चादर तिच्या हातात तशीच राहिली.

दोन वर्षांपूर्वी असा डाग दिसला असता तर 'मेलीनं ओल धरली वाटतं' म्हणत तिनं पांढऱ्या मातीचा पोतारा फिरवला असता आणि विसरूनही गेली असती. आता डागाचा अर्थ तिला ठाऊक होता. गिरिजाताईंना तो ठाऊक नव्हता. त्या बाई सासूच्या आजारपणातून चार दिवस सवड काढून निपाणीहून विश्रांतीला आल्या होत्या. काल जेवताना म्हणाल्या होत्या, "मावशी, वर्षात एवढी झोप झाली नव्हती ओ." आणि त्यांच्या डोक्यामागची भिंत सांगत होती, की इथं झोपलेल्या माणसाच्या अंगात काहीतरी बिनसलं आहे, वेळेत बघा.

सांगायचं की नाही? सांगितलं तर बाईंची विश्रांती गेली. नाही सांगितलं तर कदाचित बाईच जातील.

'ओलावा' हे आजऱ्याजवळच्या करंबळवाडीतलं पाहुणघर. त्याला हॉटेल म्हटलेलं रत्नमालाच्या नवऱ्याला, महिपती होरंबळेला, खपत नसे. "हाटेलात गिऱ्हाईक येतंय, आमच्यात पावनं येत्यात," असं तो आल्यागेल्याला ऐकवायचा. सह्याद्रीच्या पट्ट्यात एसीवर बंदी आली, शहरांतले उन्हाळे दिवाळीपर्यंत रेंगाळायला लागले, आणि लोक गार जागा शोधत डोंगरात यायला लागले. आजूबाजूच्यांनी सिमेंटचे बंगले बांधले आणि त्यांना वरून गवताच्या टोप्या घातल्या. महिपतीनं मात्र मनापासून मांडामांड केली. झाडांची नावं दिलेल्या तीन खोल्या: हिरडा, अंजन आणि जांभूळ. छपरावर सौरपत्रे, न्हाणीचं पाणी केळींना, संडासाचं खत काजूंना, ताटात घनसाळाचा भात आणि नाचणीची भाकरी. कुणी प्लास्टिकची बाटली घेऊन फाटकातून आत आलं, तर महिपती ती इतक्या दुःखानं हातात घ्यायचा, की पाहुण्याची दुसऱ्यांदा आणायची छाती होत नसे.

त्याचा एक नेम मात्र पर्यावरणातला नव्हता, वडिलांपासून आलेला होता. पाहुण्याच्या अंथरुणाला घरच्या माणसाचं अंग लागू द्यायचं नाही. त्याच्या लहानपणी घरात एकच चांगली गादी होती. ती पाहुण्यासाठी गुंडाळून ठेवलेली असे, आणि घरातलं कुणी तापानं फणफणलं तरी उलगडत नसत. तोच नेम त्यानं खोल्यांना लावला. नवरा-बायको स्वतः गोठ्याशेजारच्या विटांच्या जुन्या घरात, पत्र्याखाली राहत. एप्रिलात ते घर तव्यासारखं तापे.

रत्नमाला काही एवढी नेमाची नव्हती. महिपती दुपारी काजूच्या बागेत गेला आणि हिरड्याच्या खोलीत पाहुणा नसला, की ती तिथं जाऊन पाठ टेकायची. तिन्हींत हिरडा सगळ्यांत गार. घटकाभर डोळा लागायचा. उठल्यावर ती चादर अशी ताणून ठेवायची, की एक सुरकुती दिसू नये. साठीला आलेल्या बाईनं स्वतःच्याच घरात चोरून झोपायचं याचं तिला हसू यायचं. पण त्या खोलीत जे बरं वाटायचं ते पत्र्याखाली कुठून वाटणार?

ते बरं वाटणं भिंतींचं होतं. भिंती महिपतीच्या भाचीनं, केतकीनं, बनवून दिल्या होत्या. केतकी पुण्याच्या एका प्रयोगशाळेत बुरशीवर संशोधन करायची. "बुरशीवर संशोधन?" महिपतीनं तिला चिडवलं होतं. "आमच्या लोनच्यावर आयती येती की ती." केतकीनं ते मनावर घेतलं नाही. मामा-मामीला समोर बसवून तिनं सगळं नीट समजावलं.

"पावसाळ्यात तुम्ही रानातून अळंबी आणता ना, ते फक्त फळ असतं. खरा जीव खाली मातीत असतो, पांढऱ्या बारीक तंतूंचं जाळं. उसाची चिपाडं आणि भाताचा कोंडा साच्यात भरायचा आणि त्यात हे तंतू सोडायचे. ते खात खात पसरतात आणि सगळं एकमेकांत इतकं घट्ट विणतात, की विटेसारखा ठोकळा तयार होतो. हलका आणि गार. असे ठोकळे इतर ठिकाणीही करतात, पण भाजून, आतला जीव मारून. मी तो मारत नाही, अर्धवट झोपवून ठेवते. थोडी ओल मिळाली की तो जगतो. भिंतीला भेग गेली तर स्वतःच बुजवतो."

"आनि चिपाडं संपल्यावर खातंय काय त्ये?" रत्नमालानं विचारलं होतं. सगळा जन्म चुलीपुढं गेलेल्या बाईला दुसरं काय सुचणार!

"हवेतले वास," केतकी म्हणाली. "घामाचे, धुराचे, रंगाचे. वास म्हणजे तरी काय, हवेत मिसळलेली बारीक बारीक द्रव्यंच. या जातीला ती पचतात. म्हणून या खोल्यांना कधी कुबट वास येणार नाही. फक्त एक सांभाळ मामी, भिंतीला काही लावू नकोस. रंग नाही, चुना नाही."

हे पुण्यात बसून सांगायला ठीक होतं. पाहुणा गेला की खोली झाडायची आणि भिंतीला पांढऱ्या मातीचा पातळ पोतारा द्यायचा, हे रत्नमालाच्या हातात माहेरापासून बसलेलं. गेलेल्या पाहुण्याच्या डोक्याचे तेलकट डाग नव्या पाहुण्याला का दाखवायचे? आणि माती म्हणजे काही रंग नव्हे, चुनाही नव्हे. तिनं केतकीला विचारलं नाही आणि सांगितलंही नाही. अधूनमधून एखाद्या उशामागे जांभळट डाग उठायचा, ती पोतारा द्यायची, डाग दिसेनासा व्हायचा.

मग बेळगुंदकर गुरुजींचं झालं. गुरुजी आणि त्यांच्या मंडळी दर उन्हाळ्यात गडहिंग्लजहून यायचे. एका वर्षी ते गेल्यावर गुरुजींच्या बाजूला ताटलीएवढा डाग निघाला. रत्नमालानं करवादत पोताऱ्याचे दोन हात दिले. पुढच्या उन्हाळ्यात गुरुजी आले नाहीत, त्यांच्या मंडळींचा फोन आला. गुरुजी गेले. पोटात होतं, कळलं तेव्हा फार पुढं गेलेलं होतं. "तुमच्याकडं आलो तवाबी आसनारच की ओ," बाई फोनवर म्हणाल्या. रत्नमालाच्या डोळ्यांपुढं ती ताटली आली. मग तिला सांगलीचे एक वकील आठवले, त्यांच्याही मागे डाग होता, त्यांचंही तसंच कानावर आलेलं. तिनं केतकीला फोन लावला.

"तुजी भिंत सगळ्यांच्या मागं डागत न्हाई बग. काही मानसांच्याच मागं डागती."

केतकी दुसऱ्याच दिवशी आली. पोताऱ्याचे थर तिनं हळूहळू खरवडले. खाली सगळे डाग जिवंत होते. आधी ती हरखून गेली, उड्याच मारायच्या बाकी होत्या, आणि मग मामीजवळ येऊन बसली.

"मामी, आपल्या श्वासात शेकडो प्रकारचे वास असतात," ती म्हणाली. "चुलीत वेगळं लाकूड घातलं की धूर वेगळा येतो ना? तसं पेशी आजारी पडल्या की अन्न वेगळ्या तऱ्हेनं जाळतात, आणि श्वासात वेगळी द्रव्यं उतरतात. आपल्या नाकाला ती कळत नाहीत, शिकवलेल्या कुत्र्याला कळतात. ही बुरशी ती खायला शिकली आहे, आणि पचवताना हा रंग सोडते. श्वास लागल्यापासून रंग दिसायला चार-पाच दिवस जात असावेत. पण भिंत काही डॉक्टर नाही. कुठला आजार, कुठे आहे, हे तिला कळत नाही. कधी चुकतही असेल." मग तिनं त्या खरवडलेल्या मातीच्या ढिगाकडं बघितलं. "तुझ्या पोताऱ्याखाली किती माणसं झाकली गेली असतील गं."

केतकी ते दोष द्यायला म्हणाली नव्हती. पण रत्नमालाला ते तसंच लागलं. गुरुजी अंगणात बसून तिला पेटीवर भजन वाजवून दाखवायचे. ते वाचले असते का, कोण जाणे. तिनं मात्र त्यांच्यावर पांढरी माती फिरवली होती, तीही दोनदा.

डागाळलेले ठोकळे काढून केतकीनं नवे बसवले आणि पोतारा बंद झाला. संशोधन पुरं होईपर्यंत कुणाला काही बोलायचं नाही, असं केतकीनं बजावलं. त्यानंतरच्या वर्षभरात एकही डाग उठला नव्हता. आणि आज हा उठला होता.

महिपती गोठ्यात वैरण टाकत होता. रत्नमाला तिथं जाऊन उभी राहिली.

"हिरड्यात डाग आलाय."

त्याचा हात थांबला. "गिरिजाबाईंच्या मागं?"

"व्हय. मी सांगनार हाय त्यास्नी."

"केतकीला इचार आदी."

"लावला फोन. लागंना."

"मग थांब की जरा." त्यानं वैरणीची पेंढी खाली ठेवली. "हे बग रत्ना, पावनं आपल्या दारात इश्वासानं झोपतंय. झोपल्यालं मानूस आसंल तसं आसतंय. त्याचा श्वास हुंगायचा, आनि सकाळी उठून म्हनायचं, तुज्यात खोट हाय? खिडकीतनं चोरून बगितल्यागत झालं त्ये. त्या बाईनं इचारलंय का तुला?"

"गुरुजींनी बी इचारलं न्हवतं."

"गुरुजी तुज्या मनात टोचत्यात, म्हनून आता ह्या बाईला टोचनार हैस तू."

हे त्याचं खरं होतं, आणि खरं होतं म्हणूनच तिला राग आला. ती स्वयंपाकघराकडं निघून गेली.

गिरिजाताई ओंजळभर करवंदं घेऊन परतल्या आणि स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर ऐसपैस बसल्या. चेहरा उन्हानं लाल झाला होता आणि खुशीत होत्या. रत्नमालानं त्यांच्या हातात ताकाचा पेला दिला आणि धीर एकवटून सगळं सांगून टाकलं. भिंत, बुरशी, गुरुजी, डाग. मधे थांबली असती तर पुढं बोलता आलं नसतं.

गिरिजाताई आधी हसल्या. मग हसणं विरलं.

"म्हणजे मी झोपले होते तेव्हा तुमची भिंत मला तपासत होती?"

"तपासत न्हाई हो, तिला वास कळतोय. खात्रीचं काय न्हाई. पन एकदा दाखवून घ्या. लवकर कळलं तर..."

"मावशी, माझ्या घरात रोज रिपोर्ट असतात. रोज कुठला तरी आकडा वाढलेला असतो नाहीतर उतरलेला. त्यातनं चार दिवस सुटून आले ओ मी." त्यांचा आवाज चढला नाही, उलट खाली गेला. "दवाखान्यात पाय टाकताना माणसाला माहीत असतंय, की आपण दवाखान्यात चाललोय. तुम्ही मला पाहुणी म्हणून आत घेतलंत."

ताक तसंच राहिलं. दुपारच्या बसनं बाई गेल्या. महिपती त्यांची बॅग घेऊन फाट्यापर्यंत पोचवायला गेला, परत आला आणि ओसरीवर बसला.

"पावनी जेवल्याबिगर गेली," एवढंच तो म्हणाला. दोन दिवस तो बायकोशी कामापुरतं बोलला.

गिरिजाताईंनी नेटवर 'ओलावा'बद्दल मनात राग धरून काही लिहिलं नाही, जे झालं ते लिहिलं. इथं झोप उत्तम लागते, पण इथल्या भिंती तुमची तपासणी करतात आणि यजमान निकाल सांगतात. तेवढं पुरलं. नेहमीच्या पाहुण्यांनी येणं रद्द केलं. त्यांच्या जागी भलतेच फोन सुरू झाले. कुणाला जेवण नको, डोंगर नको, फक्त तिथं झोपायचं होतं. एका विमा कंपनीला आपली माणसं आळीपाळीनं पाठवायची होती. इचलकरंजीचे एक गृहस्थ तर फारच गोड बोलले. त्यांच्या मुलाचं लग्न ठरत आलं होतं, आणि साखरपुड्याआधी होणाऱ्या सुनेला आठवडाभर सहज म्हणून इथं राहायला आणायचा त्यांचा विचार होता. तिला भिंतीबद्दल काही सांगायची गरज नाही, असंही ते म्हणाले. महिपतीनं फोन ठेवला आणि बराच वेळ हात धूत राहिला.

"बगितलंस?" तो बायकोला म्हणाला. "ह्याच्यासाठी बांदलं हुतं का आपन हे?"

मनातून रत्नमालाही हादरली होती. तरीही गिरिजाताईंना सांगितल्याचा तिला पस्तावा होत नव्हता. बाई वाचल्या तर शिव्या देईनात का, असं ती स्वतःला समजावायची. खोल्या रिकाम्याच होत्या. दुपारी ती हिरड्यात जाऊन पडायची आणि गिरिजाताईंचा फोन येईल का याचा विचार करायची.

फोन आला.

"मावशी, सगळं तपासून घेतलं. डोक्यापासून पायापर्यंत. मला काहीही झालेलं नाही."

"देवा!" रत्नमाला म्हणाली. "माफ करा हो ताई. उगंच तुमच्या जिवाला घोर लावला."

"लावलात खरा. पण रागवायला फोन नाही केला." गिरिजाताई जरा थांबल्या. "मी तुमच्या भाचीला शोधून तिच्याशी बोलले. ती म्हणाली, रंग उमटायला चार-पाच दिवस जातात. मी आले सोमवारी, डाग दिसला बुधवारी. म्हणजे तो माझा असूच शकत नाही. माझ्या आधी त्या खोलीत कोण राहत होतं? त्यांना कळवा. आणि मावशी, जरा नीट सांगा. मला सांगितलंत तसं नको."

"तुमच्या आदी तर खोली रिकामीच..." रत्नमाला म्हणू लागली.

खोली रिकामी होती. रिकामी होती म्हणून तर ती रोज दुपारी तिथं झोपत होती. चार-पाच दिवसांचं तिला केतकीनं सांगितलं होतं, पण त्या सकाळी घाईत आणि भीतीत ते डोक्यातून निसटलं. पाहुण्यांचे श्वास, पाहुण्यांचे डाग, सगळं तिनं जुळवून बघितलं होतं. स्वतःला तिनं त्यात धरलंच नव्हतं. यजमानीण खोली आवरते, खोलीत राहत नाही.

"मावशी? आहात ना?"

"हाय," रत्नमाला म्हणाली. "सांगते मी त्यास्नी."

तिनं सांगितलं नाही. ज्या बाईनं दुसऱ्याच्या बाबतीत एक दुपारही थांबायला नकार दिला होता, ती स्वतःच्या बाबतीत उद्या, परवा करत राहिली. आंबे उतरायचे होते, कुळीथ निवडायचे होते. महिपतीला सांगायचं तर आधी चोरून झोपल्याचं सांगावं लागणार, अशी एक पळवाटही तिनं मनाशी काढली. खरी गोष्ट सोपी होती. ती घाबरली होती. गिरिजाताई ताक न पिता का उठल्या, हे तिला आता कळत होतं.

आणि एके दिवशी सकाळी तिनं पांढरी माती भिजत घातली.

ती हिरड्यात बोळा बुडवून उभी होती तेव्हा महिपती दारात आला. डाग आता हाताच्या पंज्याएवढा झाला होता.

"पोतारा? तू?" तो आत आला आणि भिंतीकडं बघत राहिला. "हे तर वाढलंय. गिरिजाबाई चांगल्या हैत म्हनालीस न्हवं? मग हे कुनाचं?"

रत्नमालानं बोळा खाली ठेवला. "माजं," ती म्हणाली. "दुपारची निजते मी हितं."

"कवापास्नं?"

"घर बांदल्यापास्नं."

तो ओरडेल असं तिला वाटलं. वडिलांचा नेम, पाहुण्याचं अंथरूण, सगळं काढेल. महिपतीनं मात्र घमेलं उचललं, भिजलेली माती बाहेर केळीच्या बुंध्यात ओतली आणि परत आला.

"लुगडं बदल. कोल्हापूरला जायाचं."

"मी इचारलंय का तुमाला?" ती एकदम उसळली. त्याचेच शब्द होते. "मला न्हाई जायाचं. मला न्हाई कळायला पायजे!"

"त्ये पावन्याचं आसतंय," महिपती म्हणाला. "पावन्याला इचारायचं आसतंय. तू घरची हैस. घरच्याला इचारत न्हाईत, उचलून नेत्यात."

फुप्फुसात बोराएवढी गाठ निघाली. जन्मभर चुलीचा धूर नाकातोंडात गेला की असंही होतं, असं डॉक्टर म्हणाले. हे इतक्या लवकर सहसा सापडत नाही, कसं काय सापडलं, असंही त्यांनी विचारलं. गाठ काढली. बरोबर फुप्फुसाचा एक तुकडा गेला. केतकी दवाखान्यात येऊन मामीच्या पायाशी बसून रडली, तेव्हा रत्नमालालाच तिची समजूत घालावी लागली.

ती दवाखान्यात होती त्या दिवसांत महिपतीनं एकट्यानं ठरवून एक नवी रीत घातली. फाटकाशी पाहुण्याला गूळपाणी दिलं, की आत घ्यायच्या आधी तो त्याला विचारायचा: "आमच्या भिंतीला मानसाच्या श्वासातला आजार कळतोय. कवा कवा चुकती बी. काय दिसलं तर सांगायचं का न्हाई, हे तुमी ठरवायचं. न्हाई म्हनालात तर उशामागं जाड घोंगडं टांगतो, आमी त्याच्यामागं बगनार न्हाई." काही जण तिथूनच परत फिरले. उरलेल्यांपैकी काही सांगा म्हणाले, काहींनी घोंगडं मागितलं, आणि महिपतीनं दोन्ही शब्द पाळले. दुसऱ्याची तपासणी करून घ्यायला आलेल्यांना मात्र तो गूळही द्यायचा नाही.

रत्नमाला घरी आली त्या दिवशी तो फाटकात तांब्या घेऊन उभा होता.

"हे काय चाललंय?" ती म्हणाली. चालत येताना तिला धाप लागली होती.

"डाक्टर म्हनालं, गार आनि सोच्छ हवा पायजे. हिरड्यात तुजं हातरून घातलंय. डागाचा ठोकळा केतकीनं बदललाय, भिंत कोरी हाय." त्यानं तिच्या तळहातावर गुळाचा खडा ठेवला. "महिनाभर तू पावनी. आता सांग. भिंतीवर काय दिसलं तर सांगायचं का न्हाई?"

ती हसली, पण त्याच्या तोंडाकडं बघून तिचं हसू थांबलं. तो चेष्टा करत नव्हता. ज्या प्रश्नावरून ती त्याच्याशी भांडली होती, तोच प्रश्न होता, आणि इतके दिवस तिला वाटत होतं की त्याचं एकच उत्तर आहे. आता तिला घोंगडं हवंसं वाटत होतं. खरोखर हवंसं वाटत होतं. छातीतली जखम अजून ओढत होती, आणि पुन्हा तेच सगळं सोसायची ताकद आपल्यात आहे असं तिला वाटत नव्हतं.

तिनं गूळ तोंडात टाकला, पाणी प्यायलं आणि तांब्या त्याच्या हातात परत दिला.

"सांगा," ती म्हणाली. "पन तुमी सांगायचं. केतकीनं न्हाई, डाक्टरनं न्हाई. आनि मी मागं वळून बगनार न्हाई."

तेव्हापासून सकाळी महिपती चहा घेऊन यायचा. ती उशीला टेकून बसलेली असायची, डोळे त्याच्या तोंडावर लावून. तो दारातच थांबायचा, तिच्या डोक्यावरून भिंतीकडं बघायचा आणि म्हणायचा, "न्हाई काय." मग ती कप हातात घ्यायची. महिपतीला खोटं बोलता येत नसे. संसारात त्यानं जेवढ्या थापा मारायचा प्रयत्न केला तेवढ्या तिनं उंबऱ्यातच पकडल्या होत्या. म्हणून ते दोन शब्द ऐकले की तिला दिवसभर पुरायचे. हळूहळू ती अंगणात फिरायला लागली, भाकरी थापायला लागली. महिना संपत आला.

त्या सकाळी तो दारात थांबला आणि काही बोलला नाही.

रत्नमालानं त्याच्याकडं बघितलं. त्यानं कप खिडकीत ठेवला, चष्मा काढून सदऱ्याला पुसला, परत घातला. मग पलंगाला वळसा घालून तिच्या मागं गेला. त्याचा हात भिंतीला टेकल्याचा आवाज तिनं ऐकला.

"काय हाय?"

तिला वाटलं, आता हा 'न्हाई काय' म्हणेल, आणि मला कळेल की हा खोटं बोलतोय, आणि तरी मी कप हातात घेईन. त्या क्षणी तिला तेच हवं होतं.

"हाय," महिपती म्हणाला.

"केवढा?"

"ल्हान हाय. माज्या आंगठ्याखाली झाकतोय."

बाहेर केळीत पाणी सोडलेलं होतं, त्याचा आवाज येत होता. मग दोन्ही हातांवर भार देऊन ती सावकाश मागं वळली. नवरा भिंतीला अंगठा दाबून उभा होता आणि चष्म्याखालून त्याचे डोळे वाहत होते.

"आंगठा काढा," ती म्हणाली.

त्यानं काढला. दोघं तो डाग बघत राहिले. मग महिपतीनं खिडकीतला कप आणून तिच्या हातात दिला.

"च्या पी आदी," तो म्हणाला. "मग निगूया."